हुरडा, भोगी आणि वासराची भाकणूक : सोलापुरातले संक्रांतीचे दिवस

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, शेंगाचटणी आठवते आणि लगोलग ऊन. ‘तुमच्याकडे उन्हाळा सोडून दुसरं काही असतं का?’ हे मी लग्न होऊन पुण्याला आल्यापासून ऐकतेय. त्यावर माझं एकच सांगणं असतं : संक्रांतीला या. शाळेला सुट्टी नसते, खरं आहे. तरी या, आणि मुलांना घेऊन या. थंडी उतरणीला लागलेली असते, ऊन अजून बोचत नसतं, रब्बीची ज्वारी हुरड्यावर असते आणि सिद्धेश्वराची यात्रा भरलेली असते. आमच्याकडचा ऋतू आभाळात फारसा दिसत नाही. तो मातीत, ताटात आणि तळ्याच्या काठावर शोधावा लागतो, आणि दाखवणारं कुणीतरी बरोबर असावं लागतं. आमच्या नशिबाने अण्णा, आई आणि दादा-वहिनी आहेत.

या वेळी संक्रांत १५ जानेवारीला होती. बरोबर नवरा, सातवीतली लेक आणि दुसरीतला धाकटा. नवरा रत्नागिरीकडचा. त्याच्या लेखी ऋतू म्हणजे पाऊस. बाकी सगळं त्याच्या आधीचं नाहीतर नंतरचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्या जिल्ह्यात साडेपाचशेच्या आसपास, तोही पडला तर. त्यामुळे ‘पाऊस’ हा शब्द आम्ही दोघं उच्चारतो तेव्हा आमच्या मनात वेगवेगळ्या गोष्टी असतात.

१२ जानेवारी : भीमेच्या पाण्यावर

पुण्यातून अंधारातच निघालो. भिगवणला उजनीच्या जलाशयाकाठी पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि नावाडी शेकोटीभोवती बसले होते. धाकटा होडीत बसेपर्यंत पेंगत होता. मग लांबवर एक गुलाबीसर रेघ दिसली, होडी जवळ सरकली तशी त्या रेघेचे पाय, माना आणि वाकड्या चोची वेगळ्या झाल्या, आणि त्याची झोप उडाली. रोहित पक्षी डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात आणि गाळातलं बारीक खाद्य चोचीनेच गाळून घेतात. ते पाहून त्याने स्वतःची मान इतकी वाकडी केली की मला त्याचा स्वेटर धरून ठेवावा लागला.

लेकीला पट्टकादंब पाहायचे होते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली ही बदकं तिबेट-लडाखकडे वीण करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. ती काठावरच्या ओल्या गवतात निवांत चरत होती. चक्रवाकांच्या नारिंगी जोड्याही होत्या.

नावाड्याने एक गोष्ट सांगितली, ती मला पुढचे सगळे दिवस उपयोगी पडली. तो म्हणाला, “आत्ता पाणी वर आहे ताई. पाणी उतरंल तसा चिखल उघडा पडतो, तशी ह्यांची गर्दी वाढत जाते. मार्चला या.” म्हणजे पाण्याची पातळी हेच इथलं पंचांग. पावसाळ्यात हे धरण भरतं ते इथल्या पावसाने कमी आणि वर सह्याद्रीत पडलेल्या पावसाने जास्त. भीमा भीमाशंकराला उगम पावते, वाटेत पुणे जिल्ह्यातल्या नद्यांचं पाणी तिला मिळतं आणि ते सगळं इथे येऊन साठतं, पूर्ण भरलं तर ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. धरण १९८० साली पूर्ण झालं. उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ बाहेर येतं. नवरा बराच वेळ पाण्याकडे बघत होता. “म्हणजे आमच्या डोंगराच्या पाठीवर पडतो तोच हा पाऊस,” तो म्हणाला. त्याला सोलापूर तेव्हापासून थोडं जवळचं वाटू लागलं असावं.

पुढचा सगळा रस्ता उसाचा. गळीत हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ऊस लादलेल्या बैलगाड्या, कारखान्यांच्या धुराड्यातून निघणारी वाफ, हवेत मळीचा वास. रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. बीडकडून, धाराशिवकडून माणसं दिवाळीच्या सुमारास घरदार सोडून येतात आणि हंगाम संपला की परत जातात. एका कोपीबाहेर आमच्या धाकट्याएवढा मुलगा बहिणीला कडेवर घेऊन उभा होता. आपण थंडीची मजा लुटायला चाललो आहोत आणि याच थंडीत पहाटे तीनला उठून कुणी फडात उतरतं, हे मुलांना त्या जागी सांगावंसं वाटलं, म्हणून सांगितलं. लेकीने विचारलं, “मग त्याची शाळा?” अशा मुलांसाठी असलेल्या साखरशाळांबद्दल सांगितलं, आणि सगळी मुलं तिथवर पोहोचत नाहीत हेही सांगितलं.

मोहोळच्या पुढे उसाची गर्दी सरली. दोन्ही बाजूंना काळी माती आणि ज्वारी. संध्याकाळी गावात शिरलो तेव्हा चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना ताजे हार होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. मुलांना उतरवून नमस्कार करायला लावला आणि घरी गेलो. आईने दार उघडलं. “आलाव का? किती वेळ! या की आत.” कडक भाकरी, शेंगाभाजी, वर दही. नवऱ्याने पहिल्याच घासाला कडक भाकरीचा मोठा आवाज केला आणि अण्णा खूश झाले.

१३ जानेवारी : माळ आणि शिवार

सकाळी घरात दोन गट पडले. यात्रेचा पहिला मोठा दिवस तैलाभिषेकाचा. सिद्धेश्वर म्हणजेच शिवयोगी सिद्धरामेश्वर, आमचं ग्रामदैवत. त्यांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली असं मानतात. बाराव्या शतकापासूनची ही परंपरा. या दिवशी नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून निघून त्या सगळ्या लिंगांना तेल घालत गावप्रदक्षिणा करतात. आई आणि वहिनी ते बघायला बाळीवेसला निघाल्या. अण्णा, दादा, नवरा, मुलं आणि मी नान्नजकडे.

बार्शी रस्त्याला वीस-बावीस किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य. १९७९ मध्ये ते जाहीर झालं. उन्हं वर यायच्या आत पोहोचलो. लांबच लांब वाळलेलं गवत, त्यावर दहिवर. हे गवत श्रावणात गुडघाभर हिरवं असतं, दिवाळीत त्याला तुरे येतात, आता ते सोनेरी पडलेलं आणि मेपर्यंत राखाडी होणार. काळविटांचा कळप दिसला. मोठे नर काळेभोर, पिळदार शिंगांचे. माद्या आणि पिल्लं बदामी. कशाने तरी बुजून कळप पळाला तेव्हा त्यांच्या उड्या पाहून धाकट्याच्या तोंडून शब्द फुटेना. वर भोवत्या पक्षी गवताला लागून गिरक्या घेत होता. हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून येतात, माळावरचे नाकतोडे खातात, रात्री गवतातच बसतात आणि ऊन तापायला लागलं की परत जातात.

माळढोक दिसला नाही. दिसेल अशी आशाही आता कुणी फारशी दाखवत नाही. अण्णांनी तरुणपणी पावसाळ्यात नर पाहिलेला आहे. गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर टाकून माळावर उभा. त्याचा हुंकार लांबवर ऐकू यायचा, असं ते सांगतात. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि एवढा मोठा पक्षी आमच्या डोळ्यांदेखत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. याचं मला फार वाईट वाटतं. सरकारी कागदात आणि आपल्या बोलण्यातही माळाला सर्रास पडीक म्हणतात. ज्या जमिनीवर काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक एवढे सगळे जगतात ती पडीक कशी?

तिथून आमच्या शिवारात. अण्णा गिरणीतून निवृत्त झाले, पण वडिलोपार्जित थोडी जमीन सुटली नाही. ती आता दादा करतो. वहिनीने आदल्या दिवशीच सगळं पाठवून ठेवलं होतं : शेंगाची चटणी, लसणाची चटणी, गूळ, गाडग्यात लावलेलं दही, ताक. बांधावर बोरं होतीच. दादाने हरभऱ्याचे डहाळे उपटून आणले.

आगटी कशी करतात हे नवऱ्याने पहिल्यांदा पाहिलं. जमिनीत पसरट खड्डा, त्यात गोवऱ्या, त्या पेटून निखारा झाला की कणसं फुपाट्यात सारायची. ज्वाळेवर धरली तर दाणा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. सतत फिरवत राहायचं. दाण्याचा रंग हिरवा-पिवळट झाला आणि खरपूस वास सुटला की कणीस काढून, राख झटकून, गरम असतानाच दोन्ही तळहातांत चोळायचं. सुपात पडलेल्यावर फुंकर मारून फोलपट उडवायचं. अण्णांचे हात इतके सरावलेले की कणसाला एक दाणा राहत नाही. नवऱ्याचे तळवे लाल झाले. “जावईबापू, तुम्ही खावा. चोळायला आम्ही हाव की,” अण्णा म्हणाले. पण तो हट्टाने चोळत बसला आणि तिसऱ्या-चौथ्या कणसापासून त्याला जमायला लागलं.

हुरड्याची गोडी काही दिवसांचीच असते. आठवडाभर आधी दाण्यात नुसतं दूध, आठवडाभर नंतर दाणा टणक. मधले आठ-दहा दिवस तो चिकात असतो, दाबला तर फुटतो, पण वाहत नाही. म्हणून गुळभेंडी, सुरतीसारखे खास हुरड्याचे वाण लोक थोड्या थोड्या अंतराने पेरतात. दादाने मुख्य रान मालदांडीचं ठेवलं होतं आणि कडेला गुळभेंडीच्या ओळी. मालदांडी ३५-१ हा वाण आमच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेला. आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा जिल्ह्यात सगळ्यांना अभिमान आहे.

खाता खाता नवऱ्याने विचारलं, “याला पाणी किती देता?” दादा म्हणाला, “दाजी, पेरल्यापासून एक थेंब नाही दिला.” त्याला ते खरं वाटेना. तेव्हा दादाने त्याला रानात नेऊन माती दाखवली. आमच्या काळ्या, खोल जमिनी भाद्रपद-आश्विनातला पाऊस पोटात धरून ठेवतात. हस्त नक्षत्राच्या ओलीवर पेरणी होते आणि त्यानंतर पाऊस आला तर आला. पीक खालच्या ओलीवर आणि रात्रीच्या थंडीवर उभं राहतं. थंडी सरली, ओल आटली की जमिनीला भेगा पडतात आणि भेगांतून उरलीसुरली ओल उडून जाते. म्हणून कोळपं फिरवून वरची माती मोकळी करायची, भेगा बुजवायच्या. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं जुनी माणसं म्हणतात. दादाने हात कोपरापर्यंत भेगेत घातला आणि आतली माती काढून माझ्या लेकीच्या हातावर ठेवली. ती गार होती, किंचित ओली. “ही सप्टेंबरची हाय,” तो म्हणाला. चार महिन्यांपूर्वी पडलेला पाऊस तिने मुठीत धरला होता आणि आजूबाजूला डोक्याच्या वर गेलेली कणसं त्याच्यावरच डुलत होती. मला वाटतं या प्रवासात मुलांना द्यायचं जे होतं, ते या एका ढेकळात होतं. शाळेच्या पुस्तकात खरीप-रब्बीचा तक्ता असतो. तो पाठ होतो आणि विसरला जातो.

दुपारी मात्र ऊन लागलं. पहाटे कानटोपी घातलेला धाकटा बनियनवर आला आणि लिंबाखाली झोपला. एकाच दिवसात शाल आणि सावली दोन्ही लागणं, हीच आमच्या थंडीची खूण. माणसं म्हणतात, महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते.

संध्याकाळी बांधावर बसलो असताना लेकीने सूर्य मावळायची वेळ लिहून घेतली. उत्तरायण, दिवस मोठा होणं, हे तिने ऐकलेलं होतं; पण सकाळ तर रोज तेवढीच उशिरा होतेय, मग दिवस वाढतो कुठे, असा तिचा प्रश्न. अण्णा म्हणाले, “संध्याकाळकडून वाढतो.” आणि ते खरं आहे. आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, सूर्यास्त मात्र डिसेंबरच्या आधीपासूनच पुढे सरकायला लागलेला असतो. अण्णांना हे खगोलाच्या पुस्तकातून कळलेलं नाही. गिरणीतून दिवसपाळी सुटल्यावर रानात जाऊन किती काम उरकता येतं, त्यावरून त्यांनी ते जोखलं होतं.

१४ जानेवारी : भोगी आणि अक्षता

भोगीचा स्वयंपाक पहाटे सुरू झाला. आईच्या भाजीत त्या आठवड्यात मंडईत आणि रानात जे येतं ते सगळं : वांगी, पावटा, घेवडा, गाजर, ओला हरभरा, ओल्या शेंगा, आणि वरून तिळाचं-शेंगदाण्याचं कूट. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापायचं काम लेकीकडे दिलं. राळ्याचा भात, लोण्याचा गोळा. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ हे आज्जीच्या तोंडून नातवंडांनी ऐकलं आणि धाकट्याने एरवी न खाल्लेलं वांगं निमूट खाल्लं. बाजरी आणि तीळ थंडीत अंगाला ऊब देतात म्हणून या दिवसांत, आणि पुढे ऊन वाढलं की आई बाजरीला हात लावत नाही. तिचा ज्वारीचा डबा आणि बाजरीचा डबा वर्षातून दोनदा जागा बदलतात. फळीवर पुढे कुठला डबा आहे ते बघून कुणीही ऋतू सांगावा.

दुपारी अक्षता सोहळा. पांढऱ्या बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज पेलत संमती कट्ट्याकडे, म्हणजे अक्षता पडतात त्या जागी, येतात. एकेक काठी आभाळाला टेकेल इतकी उंच, ती कमरेला बांधून एका माणसाने तोलायची. बाजूला आधाराचे लोक असतात, पण भार त्याच्यावर. रस्त्यावर रांगोळ्या. पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटा मामाच्या खांद्यावर होता. ‘बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!’ असा जयघोष चारी बाजूंनी उठायचा आणि अंगावर काटा यायचा. आजूबाजूला मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही चालू होतं. एका आजींनी माझ्याशी कन्नडमध्ये बोलायला सुरुवात केली आणि मला कळत नाही म्हटल्यावर त्याच दमात मराठीत पुढे नेलं.

मुलांना गोष्ट सांगितली. एका कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं. ते विरक्त. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायची परवानगी दिली. नंदीध्वज हे त्या योगदंडाचं रूप, आणि अक्षता पडतात त्या त्या लग्नाच्या. दुसऱ्या दिवशी होमात ती स्वतःला अर्पण करते. लेकीला हा शेवट आवडला नाही आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं. मी तिची समजूत काढली नाही. मलाही लहानपणी तो आवडला नव्हता.

पण मला सिद्धरामेश्वरांची दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. त्यांनी इथे तळं खोदवलं, माणसं जमवून, श्रमाने. आज देऊळ ज्याच्या मधोमध आहे ते हेच तळं. जिथे पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक, तिथे ईश्वराच्या नावाने पहिलं काम तळ्याचं निघतं, ही गोष्ट त्या गर्दीत उभं राहून पाण्याकडे बघताना फार खरी वाटत होती. अक्षता पडल्या. हजारो हात वर गेले. आमच्या केसांत संध्याकाळपर्यंत तांदूळ सापडत होते.

१५ जानेवारी : संगम, होम आणि वासरू

संक्रांतीच्या सकाळी आई आणि वहिनीने सुगडं भरली. त्यात हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरं, उसाची कांडी, गाजर, शेंगा. वाण देऊन झाल्यावर आम्ही हत्तरसंग कुडलला गेलो, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना मिळतात तिथे. संगमावर स्नानाची गर्दी होती. नवरा पाण्यात उतरला, मुलं गुडघ्यापर्यंत. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. जवळच हरिहरेश्वराच्या देवळात अनेक मुखांचं एक अजब शिवलिंग आहे. लेक त्याभोवती फिरून मुखं मोजत बसली आणि दर फेरीत तिचा आकडा बदलत गेला. नदीला पाणी होतं ते उजनीतून सोडलेलं. परतीच्या वाटेवर तिळगूळ खाल्ला, घरी येऊन सगळे झोपले.

खरा दिवस रात्री सुरू झाला. होम मैदानावर कुंभारकन्येचं प्रतीक सजवून होम पेटवला जातो. आम्ही लांब उभे होतो. उजेड आणि गर्दी एवढंच दिसलं. पण अण्णांना थांबायचं होतं ते भाकणुकीसाठी.

होमानंतर रात्री एक वासरू आणतात. त्याला दिवसभर उपाशी ठेवलेलं असतं. त्याच्यापुढे ज्वारी, गहू, हरभरा, गूळ, खोबरं, खारीक, गाजर, बोरं अशा वस्तू मांडतात. ते कशाला तोंड लावतं, कशाकडे बघत नाही, शांत उभं राहतं की बुजतं, मूत्र टाकतं का, यावरून येत्या वर्षाचा पाऊस, पिकं आणि बाजारभाव यांचा अंदाज सांगितला जातो. भोवती शहरातले लोक होते तसे खेड्यातून आलेले शेतकरीही, डोक्यावर मफलर गुंडाळून. आम्हाला वासरू दिसतच नव्हतं. पुढून बातमी मागे येत होती, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या. “पाऊस हाय म्हणे,” शेजारचे काका म्हणाले आणि त्यांनी अण्णांचा हात दाबला. दोघांची ओळख नव्हती.

घरी जाताना लेकीने मला विचारलं, “आई, वासराला कसं कळणार?” मी तिला जे वाटतं ते सांगितलं. वासराला कळत नाही. हवामान खात्याचा पावसाचा पहिला मोठा अंदाज एप्रिलमध्ये येतो. पण शेतकऱ्याचा हिशेब त्याच्या आधीच सुरू होतो : बियाणं किती ठेवायचं, जनावर विकायचं की राखायचं, कडबा किती साठवायचा. वर्षाच्या या टोकाला सगळ्यांनी एका जागी येऊन पुढच्या पावसाविषयी बोलावं, काळजी वाटून घ्यावी, हे मला वासराच्या उत्तराहून मोलाचं वाटतं. दादाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “बरोबर हाय तुझं. पण वासरू बुजलं असतं तर मला आज झोप लागली नसती.” हेही तितकंच खरं. लेकीने दोन्ही ऐकलं.

१६ जानेवारी : हिप्परगा, गड्डा, निघायची तयारी

सकाळी हिप्परग्याच्या तलावावर. तुळजापूर रस्त्याला लागून असलेला हा एकरुख तलाव १८७१ साली बांधून झाला. पक्षी होते, पण भिगवण पाहून आलेल्या मुलांना फार कौतुक वाटलं नाही. काठावरचा ओला पट्टा मात्र लेकीने ओळखला : पाणी कुठवर होतं आणि आता कुठे आहे. मे महिन्यात ४३-४४ अंशांत हा काठ कुठवर मागे जातो, ते दादाने हाताने दाखवलं.

दुपारी खरेदी. मुलांसाठी सुती चादरी, शेजाऱ्यांसाठी शेंगाचटणी. संध्याकाळी गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, पाळणे, चुरमुरे, गुलाबी बुढ्ढी के बाल, मग रात्री शोभेचं दारूकाम. धाकट्याला यात्रेतलं हेच सगळ्यात जास्त आवडलं आणि त्याला ते आवडायलाच हवं.

जेवणानंतर पुढचं बोलणं निघालं. अण्णा म्हणत होते, काढणीला या. फाल्गुनात ज्वारी मुळासकट उपटतात, ते बघण्यासारखं असतं. वहिनी म्हणाली, उन्हात मुलांचे हाल करू नका. नवरा इतका वेळ गप्प होता. मग त्याने दादाला विचारलं, “हस्त कधी लागतो?” दादाने भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवलं : सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. “पाऊस झाला असंल तर तेव्हाच वापसा बघून पेरणी. दाजी, तुम्ही या. चाड्यावर मूठ धरायला शिकवतो. पोरांना दोन तास सोडतो रानात.” धाकट्याने विचारलं की तेव्हा हुरडा असेल का. नसेल, दादा म्हणाला, तेव्हा नुसती माती असेल. धाकटा थोडा हिरमुसला, लेकीने मात्र वहीत तारीख लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सप्टेंबरमध्ये शाळेकडे दोन दिवसांची रजा मागायची आणि कारण खरं ते लिहायचं, ‘ज्वारीची पेरणी’, हे आम्ही मोहोळ ओलांडायच्या आतच ठरवून टाकलं.